मुदतीपूर्वीचे पारखी

मनुष्याच्या अंगी वस्तूची पारख करण्याचे जे सामर्थ्य असते ते स्वभावतः फार सावकाश चालणारे असून, हाताशी भरपूर वेळ आणि दुकानदाराच्या उपजीविकेविषयी संपूर्ण बेफिकिरी असल्याखेरीज ते जागे होत नाही. आणि ही अनुकूलता नाहीशी झाली की पारखी व अपारखी यांच्यात केवळ बोलण्याच्या ओघाचा काय तो फरक उरतो. हा सिद्धांत आम्हांस कोणत्याही शास्त्रग्रंथात सापडला नाही. तो अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात, रायफलीचे सुटे भाग विकत घेणाऱ्या मंडळींच्या सहवासात सापडला.

प्रथम तेथील कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील हकिकत वाचकांस अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६८ साली बंदूक-नियंत्रणाचा जो कायदा मंजूर झाला त्याने शस्त्राचे सारे शस्त्रत्व त्याच्या एकाच अवयवात साठवून ठेवले असून, एआर-१५ या सुप्रसिद्ध रायफलीच्या बाबतीत हा अवयव म्हणजे लोअर रिसीव्हर नावाचा, तळहाताहून किंचित मोठा, काळ्या ॲल्युमिनियमचा एक पोकळ तुकडा होय. त्यावर क्रमांक कोरलेला असतो, आणि सरकारदरबारी बंदूक ती तेवढीच. जिच्यातून गोळी बाहेर पडते ती नळी बंदूक नव्हे, जो ओढल्यावाचून ती पडत नाही तो चापही बंदूक नव्हे, मग घोडा आणि दस्ता यांची काय कथा. ही सर्व सामग्री आमच्या या हकिकतीच्या काळी बहुतेक संस्थानांत कोणाही गृहस्थास घरबसल्या मागविता येत असे आणि टपालवाला ती मोज्यांच्या व पुस्तकांच्या पुडक्यांबरोबर दाराशी ठेवून जात असे. तो क्रमांकांकित तुकडा घेण्यासाठी मात्र परवानेदार व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन ४४७३ क्रमांकाचा सरकारी नमुना भरावा लागे आणि ‘आपण कायद्यापासून फरारी आहात काय’ अशा प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावी लागत. हा प्रश्न घालणाऱ्या अंमलदाराने फरारी मनुष्याच्या सत्यनिष्ठेवर जो विश्वास टाकला आहे, तेवढा आपल्याकडे कचेरीत प्रतिज्ञापत्र घेऊन येणाऱ्या प्रतिष्ठित नागरिकावरही कोणी टाकलेला आमच्या पाहण्यात नाही.

आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम या बाबतीत अधिक सावध आहे. त्याच्या व्याख्येत शस्त्राचा सुटा भाग हेही शस्त्र, आणि शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्री हेही शस्त्रच. लाठी व साधी हातकाठी या वस्तूंना मात्र घरगुती किंवा शेतकीच्या उपयोगाच्या म्हणून त्याने स्पष्ट शब्दांत मुभा दिली आहे. त्यामुळे निवडणूक जाहीर झाली की आमच्या तालुक्यातील परवानाधारकाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, आणि लाठी घरगुती उपयोगासाठी घरीच राहते.

असो. ही एआर-१५ यूजीन स्टोनर या अभियंत्याने आर्मालाइट कंपनीत असताना रचली, १९५९ साली कोल्ट या जुन्या पेढीने तिचे हक्क विकत घेतले, लष्करात ती एम-१६ या नावाने रुजू झाली, आणि १९६४ पासून तिची एका वेळी एकच गोळी सोडणारी नागरी आवृत्ती बाजारात आली. पुढे १९७७ साली मूळ पेटंटाची मुदत सरल्यावर कोणीही कारखानदार तिचे भाग बनवू लागला, आणि एकाचा बोल्ट, दुसऱ्याची नळी व तिसऱ्याचा चाप एकत्र करून घरच्या मेजावर रायफल जुळविण्याचा छंद त्या देशात एवढा पसरला की, रायफल चालविण्यापेक्षा तिच्या भागांविषयी वाद घालण्यात अधिक आयुष्य खर्ची घातलेली माणसे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

त्यांपैकी एक आमचा पुतण्या. मूळचा सांगलीचा, व्यवसायाने संगणक अभियंता, डेन्व्हरनजीकच्या एका उपनगरात स्थायिक. कायम वास्तव्याचा दाखला हाती पडल्यावर त्याने प्रथम घर घेतले आणि मग हा छंद. त्याच्यासमवेत आम्ही तेथील एका गन शोला गेलो होतो. प्रवेशशुल्क देऊन आत जावयाचे, बरोबर बंदूक आणली असेल तर दारावरचा शिपाई तिला प्लास्टिकची पट्टी आवळून निरुपद्रवी करतो, आणि आत लांबच लांब मेजांवर बंदुका, सुऱ्या, जुनी नाणी, लष्करातून बाद झालेले डबे व वाळविलेल्या मांसाच्या पिशव्या एकाच गांभीर्याने मांडलेल्या असतात. आमच्या पुतण्याने यांपैकी कशाकडेही न पाहता एका मेजावरील बोल्ट कॅरिअर उचलला, खिशातून चिमुकली विजेरी काढली, आणि डोळा बारीक करून तो त्या पोलादी नळकांड्यावरील दोन स्क्रूंकडे एवढा वेळ पाहत राहिला की मेजापलीकडील म्हाताऱ्याने आपली न्याहारी उरकून घेतली.

“काका, हे स्टेकिंग बघा,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

या स्टेकिंगचे रहस्य असे की, नळीतून मागे येणारा वायू ज्या तुकड्यातून बोल्टला ढकलतो तो गॅस की नावाचा तुकडा दोन स्क्रूंनी बसविलेला असतो, हे स्क्रू ढिले झाले की वायू गळतो आणि रायफल अडते, म्हणून कारागीर स्क्रूच्या कडेचा धातू पंचाने दाबून त्याच्या डोक्यावर सरकवितो, जेणेकरून स्क्रूने फिरण्याचा विचारही मनात आणू नये. धातू खोल सरकलेला असेल तर कारखाना प्रामाणिक. नुसता ओरखडा असेल तर समजावे की कारखान्याने पंच केवळ दाखविला. पुतण्याने तो भाग नापसंतीने परत ठेवला, पुढच्या मेजावरचा उचलला, तोही ठेवला, आणि दुपारपर्यंत त्या सभागृहातील एकूण एक गॅस की त्याच्या दृष्टीखालून गेली. खरेदी काहीच झाली नाही. संध्याकाळी ही हकिकत ऐकून सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “काका, लग्नाची पैठणी घेताना येवल्यात मी पदर उलटा करून विणकाम बघायला लागले, तर हेच म्हणाले होते, साडी उलटी कोण बघतं!”

सूनबाईंचे म्हणणे वर्मी लागणारे होते. अस्सल पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते हे ज्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांच्या परीक्षेत आणि या रायफलभक्तांच्या परीक्षेत तत्त्वतः काहीच अंतर नाही. अंतर आहे ते परिभाषेत. बोल्टचे पोलाद ‘कार्पेंटर १५८’ असावे, ‘९३१०’ असेल तर त्याविषयी दोन पंथ आहेत. नळी ‘४१५०’ पोलादाची असावी आणि तिला आतून क्रोमचा मुलामा असावा. रिसीव्हर ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमचा, ठोकून घडविलेला असावा. आणि बोल्टवर अशी अक्षरे असावीत की ज्यांवरून त्याची अधिक दाबाची चाचणी व चुंबकीय तपासणी झाली असल्याचे सिद्ध व्हावे. ही अक्षरे उमटविणारा ठसा कोणालाही करून घेता येतो, हे आम्ही सुचविले तेव्हा पुतण्याने आमच्याकडे जी दृष्टी टाकली ती, पंचांगातील मुहूर्त छापखान्यात जुळविले जातात असे म्हणणाऱ्याकडे आमच्या आजोबांनी टाकली असती.

या संप्रदायाचा महामंत्र ‘मिल-स्पेक’ हा असून त्याचा आशय असा की अमुक भाग लष्कराने ठरविलेल्या प्रमाणाबरहुकूम आहे. ज्यांनी आपल्याकडील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदा पाहिल्या आहेत त्यांना या मंत्राचा महिमा चटकन उमगणार नाही, कारण सरकारी प्रमाण म्हणजे ज्याखाली उतरल्यास माल नाकारला जाईल अशी किमान पायरी, आणि तो माल पुरविणारा म्हणजे सर्वांत कमी बोली लावणारा, अशीच त्यांची समजूत असते. आणि आमच्या अल्प माहितीप्रमाणे लष्करेही निविदाच मागवितात. तथापि त्या मंत्राने तेथे मालाची किंमत चढते. दुसरी गंमत अशी की हे ॲल्युमिनियमचे रिसीव्हर ठोकून घडविणारे कारखाने मूठभर आणि त्यांवर आपापली चिन्हे कोरून विकणाऱ्या पेढ्या पुष्कळ. एकाच साच्यातून निघालेल्या जुळ्या भावांपैकी एकावर कवटी कोरली जाते, दुसऱ्यावर गरुड, आणि गरुडवाला महाग पडतो. जाणकार लोक मात्र रिसीव्हर उलथापालथा करून कोपऱ्यातील एक बारीकशी खूण, उदाहरणार्थ कुलपाच्या भोकासारखी आकृती, शोधून काढतात आणि ‘मूळ गाव एकच’ असा निर्वाळा देतात. सोयरीक जुळविताना कुलवृत्तांत इतक्या बारकाईने पाहिला जात नसेल.

आता एखाद्यास वाटेल की खुणांवरून वस्तूची जात ठरविण्याचा हा नाद केवळ गिऱ्हाइकांना आहे. तसे नाही, कायदेमंडळ या विद्येत त्यांचा गुरू शोभेल. १३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने जो कायदा झाला त्यात काही बंदुकांवर नावानिशी बंदी होती, आणि उरलेल्यांसाठी लक्षणांची एक यादी होती: मिटणारा दस्ता, खाली लोंबणारी पिस्तुली मूठ, संगीन अडकविण्याची खुंटी, नळीच्या तोंडाची ज्वाला झाकणारे टोपण, हातबाँब फेकण्याची जोडणी. ज्या अर्धस्वयंचलित रायफलीचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, काढता येते तिच्या अंगी यांपैकी एक लक्षण असेल तर ती सज्जन, दोन असतील तर निषिद्ध. अमेरिकन नागरिक परस्परांवर संगिनी रोखून धावून जात असल्याचे वर्तमान आम्ही तरी कधी वाचलेले नाही, परंतु खुंटी यादीत होती खरी. कारखानदारांनी ती कापून काढली, टोपण उतरविले, दस्ता पक्का बसविला, आणि तीच रायफल तोच चाप व तीच नळी घेऊन पुन्हा दुकानात येऊन उभी राहिली. ऑलिंपिक आर्म्स या पेढीने तर तिचे नावच ‘पॉलिटिकली करेक्ट रायफल’ असे ठेवले. दहा वर्षांची मुदत सरून २००४ च्या सप्टेंबरात तो कायदा आपोआप बरखास्त झाला आणि खुंट्या परत आल्या.

कॅलिफोर्नियाने या शास्त्रात आणखी भर घातली. तेथे मॅगझिन ‘अवजाराविना’ काढता येणाऱ्या रायफलीवर लक्षणांचे निर्बंध असल्यामुळे कारागिरांनी असे बटण शोधले की जे बोटाने दाबले जात नाही, काडतुसाच्या टोकाने दाबले जाते. आणि काडतुसाचे टोक हे कायद्याच्या दृष्टीने अवजार ठरले. २०१७ च्या आरंभापासून सरकारने ही वाट बंद केली, तेव्हा मुठीच्या मागे माशाच्या परासारखा एक पडदा जोडला गेला, जेणेकरून अंगठा मुठीभोवती गुंडाळता येऊ नये आणि मूठ ही कायद्याच्या अर्थाने मूठ राहू नये. अशी रायफल हातात घेतलेला मनुष्य पाहिला की ती त्यास कोणी धरावयास सांगून गेले आहे आणि तो परत देण्याची वाट पाहत आहे, असे वाटते.

येथवर हसण्यास हरकत नाही. पण ज्या घटनांमुळे हे कायदे येतात त्या हसण्याच्या नव्हेत. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट संस्थानातील न्यूटाउन गावी सँडी हुक शाळेत वीस बालके आणि सहा प्रौढ गोळीबारात मारले गेले. त्याच वर्षी जुलैत कोलोरॅडोतील ऑरोरा येथे चित्रपटगृहात बारा माणसे मेली होती. कायदा मागणाऱ्यांचा शोक खरा होता, आणि आम्ही त्या दिवसांत ज्या मातांना दूरदर्शनवर पाहिले त्यांच्यासमोर पोलादाच्या जातींची चर्चा करण्याची कोणाची छाती झाली नसती.

बाजाराची छाती मात्र झाली. आयोवातील ब्राउनेल्स या सुट्या भागांच्या मोठ्या पेढीने त्या डिसेंबरात जाहीर केले की साडेतीन वर्षांत खपावयाची मॅगझिने बहात्तर तासांत खपली. बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या केंद्रीय दफ्तरात त्या एका महिन्यात सुमारे २७ लाख ८० हजार चौकश्या नोंदल्या गेल्या, आणि एरवी पंधराएक डॉलरांस मिळणारे प्लास्टिकचे मॅगझिन तिपटी-चौपटीने मागूनही हाती लागेना. २४ जानेवारी २०१३ रोजी सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी नव्या बंदीचा मसुदा सिनेटपुढे ठेवला, आणि एवढ्या दांडग्या जाहिराती कोणत्याही कारखानदाराने पैसे मोजून केल्या नसत्या.

या काळात आमच्या पुतण्याच्या पारखीचे काय झाले हे पाहणे फार उद्बोधक होते. पहिल्या आठवड्यात त्याने ‘कार्पेंटर १५८’ चा आग्रह सोडला नाही. दुसऱ्या आठवड्यात ‘९३१०’ हे पोलाद नीट पाणी दिलेले असल्यास काकणभर सरसच असते, हे मत त्याने पूर्वीपासून बाळगले असल्याचे आम्हांस कळले. तिसऱ्यात चुंबकीय तपासणी ही कारखान्यांच्या वकिलांनी वाढविलेला बडेजाव असल्याचे सिद्ध झाले. मग आम्ही पुन्हा त्याच गन शोला गेलो. दाराबाहेर रांग लागली होती. आत तोच म्हातारा, तेच मेज, आणि ज्या बोल्ट कॅरिअरवर पंच केवळ दाखविला होता तोही तोच. किंमत मात्र दुप्पट झाली होती. पुतण्याने विजेरी काढली नाही.

“अरे, हा तू नापसंत केला होतास ना?” आम्ही विचारले.

“काका, स्टेकिंग काय, घरीसुद्धा करता येतं,” तो म्हणाला आणि त्याने पाकीट काढले.

म्हाताऱ्याने पैसे मोजून घेतले आणि आमच्याकडे पाहून डोळे मिचकाविले. त्याच दिवशी पुतण्याने एक मागे-पुढे सरकणारा दस्ता आणि ज्यावर तो बसवावयाचा ते नळकांडे, अशा दोन वस्तू दोन निरनिराळ्या मेजांवरून घेतल्या. या नळकांड्याची दोन मापे प्रचारात आहेत, एक लष्करी व एक व्यापारी, आणि त्यांत इंचाच्या दोन शतांशांचा फरक आहे. त्याने एकातून एक व दुसऱ्यातून दुसरे घेतले. तो दस्ता आजही त्या रायफलीवर डुलतो. महिन्यापूर्वी हाच गृहस्थ आम्हांस ७०७५ आणि ६०६१ या ॲल्युमिनियमांतील भेद जेवताना समजावून सांगत होता.

कोलोरॅडोच्या विधिमंडळाने मार्च २०१३ मध्ये पंधराहून अधिक काडतुसांच्या मॅगझिनांच्या विक्रीस मनाई केली आणि अंमलाची तारीख १ जुलै ठरविली. ही तीन महिन्यांची मुदत कोणाच्या हिताची ठरली हे सांगण्याची गरज नाही. मॅगपुल ही मॅगझिने बनविणारी कंपनी त्याच संस्थानात होती. तिने आपल्या प्रांतबांधवांना अगोदर पुरवठा करण्याचे जाहीर केले, आणि मुदत संपण्यापूर्वीच्या शनिवारी डेन्व्हरजवळच्या एका मैदानावर मेळावा भरवून तेथे हेलिकॉप्टरने मॅगझिने आणविली. पुढे ती कंपनी कारखाना वायोमिंगला आणि कचेरी टेक्सासला घेऊन निघून गेली. ज्यांच्याकडे अगोदरची मॅगझिने होती त्यांस ती ठेवण्याची मुभा होती, त्यामुळे त्या मैदानावरून घरी गेलेली मॅगझिने अद्याप कायदेशीर आहेत.

आपणही फार वेगळे वागलो असतो असे म्हणवत नाही. १९६३ च्या जानेवारीत तत्कालीन अर्थमंत्री मोरारजीभाई देसाई यांच्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी घातली, तेव्हा चौदा कॅरटांचे मंगळसूत्र घालण्यास तयार असलेली एकही स्त्री आमच्या आळीत निघाली नाही. मात्र आपल्याकडे गिऱ्हाईक कसावर अडून बसले होते आणि सरकार कस उतरवीत होते. कोलोरॅडोत सरकारने कसाला हातही लावला नाही, गिऱ्हाइकाने तो आपण होऊन उतरविला. तेवढ्यापुरता आम्ही सांगली व येवला यांच्या बाजूचा निकाल देतो.

शेवट काय झाला तो लहानसाच आहे. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये फाइनस्टाइन यांची बंदी ४० विरुद्ध ६० मतांनी पडली. वर्षभरात दुकाने पुन्हा भरली, मॅगझिने आपल्या जुन्या भावावर आली, आणि ज्यांनी घाईत साठा केला होता त्यांच्या तळघरांत तो अद्याप खोक्यांत आहे. तेव्हापासून हा धंदा पाहणाऱ्यांस एक नियम आढळला आहे: बंदुकांना प्रतिकूल असलेले सरकार आले की दुकाने चालतात, अनुकूल आले की बसतात. रेमिंग्टन या दोनशे वर्षांच्या पेढीने २०१८ च्या मार्चमध्ये, बंदूकवाल्यांचे स्नेही म्हणविणारे राष्ट्राध्यक्ष गादीवर असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि २०१९ च्या सप्टेंबरात कोल्टने, बाजारात अशा रायफली पुरेशा आहेत, असे सांगून नागरिकांसाठी एआर-१५ बनविणे काही काळ थांबविले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील न्यायमूर्ती बेनिटेझ यांनी मॅगझिनांवरील बंदी रद्द ठरविली आणि आठवड्याने आपल्याच हुकुमास स्थगिती दिली. त्या आठवड्यात संस्थानात आलेल्या मॅगझिनांवर ‘स्टेकिंग’ कोणी पाहिले असेल असे वाटत नाही, आणि मॅगझिनांना स्टेकिंग नसतेच.

वाचकांपैकी ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, पुढच्या खेपेस असा मसुदा सभागृहात मांडला गेल्याची बातमी आली की त्यांनी चिरंजीवांस दूरध्वनी करून, हौस करायची ती कर, पण दस्ता घेण्यापूर्वी नळकांड्याचा व्यास मोजून घे, असे बजावावे. लष्करी मापाचा १.१४८ इंच, व्यापारी मापाचा १.१६८.